दोऱ्याला टांगलेलं लिंबू

सातवीच्या वर्गात अपूर्णांकांची बेरीज चालली होती आणि दाराशी भास्कर येऊन उभा राहिला. भास्कर सुरतेच्या बमरोलीतल्या आमच्या घरांच्या ओळीतला, मागावर काम करणारा माणूस. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्यानं शाळेत यावं असं काही कारण नव्हतं. चप्पल बाहेर काढून तो आत आला आणि पोरांसमोरच म्हणाला, “गुरुजी, जिभाऊ गयात.” मी खडू हातात तसाच धरून विचारलं, “कुठे गेले?” तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाच्या तोंडून असा प्रश्न यावा... भास्कर खाली बघत राहिला. मग मला कळलं. रातपाळी करून लोटन जिभाऊ सकाळी घरी आले, पायरीवर बसून पाय धुतले, बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, चहा टाकायला सांगितला, आणि चहा उकळेपर्यंत भिंतीला टेकल्या टेकल्या सगळं संपलं. त्याला आता सहा आठवडे झाले. लिहायला बसलो आहे, पण आधीच सांगून ठेवतो, हा लेख लिहिताना मला स्वतःबद्दलही काही कबूल करायचं आहे आणि ते मी शक्य तितकं लांबवणार आहे.

जिभाऊ म्हणजे खानदेशात थोरल्या भावाला मानानं म्हणतात ते. लोटन जिभाऊ धुळ्याकडचे. सुरतेला आले ते विशीत, आणि पुढची तीस वर्षं त्यांनी मागांच्या खडखडाटात काढली. त्या खडखडाटानं त्यांचे कान घेतले. शेजारी बसून बोलायचं तरी ओरडावं लागे, आणि मी वऱ्हाडातला, मुळातच मोठ्या आवाजाचा, म्हणून आमचं जमलं असं आमची मंडळी म्हणायची. मी इथल्या मराठी शाळेत शिक्षक, ते मागावरचे कारीगर. रविवारी संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर चहाला येत. मी वर्तमानपत्रातल्या बातम्या ओरडून सांगायचो आणि ते सगळ्या बातम्यांवर सारखीच मान हलवायचे. एकच विषय असा होता की तो निघाला की ते ताठ बसत, आणि तो विषय म्हणजे त्यांची हवेवर चालणारी छर्ऱ्याची बंदूक.

ही बंदूक त्यांच्या मामांची. मामा फौजेतून परत आलेले. त्यांच्या गावात दसऱ्याला सोनं वाटून झालं की सगळे कडुलिंबाच्या झाडाखाली जमत. फांदीला दोऱ्यानं एक कागदी लिंबू टांगायचं आणि वीस पावलांवरून छर्ऱ्याच्या बंदुकीनं त्यावर नेम धरायचा. ज्याचा लागेल त्याच्या घरी त्या वर्षी पहिली पुरणपोळी जायची. बस्स, एवढंच बक्षीस. पण त्यासाठी माणसं वर्षभर खळ्यात सराव करत, बाप मुलाला शिकवी, मामा भाच्याला शिकवी. जिभाऊंनी हे सगळं मला किती वेळा सांगितलं असेल! मामा वारले, गावातली मुलं मोटरसायकलींच्या आणि टीव्हीच्या मागे लागली, लिंबू टांगायचं कुणाला सुचेना. तेव्हा जिभाऊ बंदूक गोधडीत गुंडाळून सुरतेला घेऊन आले. कशाला, तर इथली पोरं शिकतील म्हणून. मी म्हटलं, जिभाऊ, गावातली शिकली नाहीत ती इथली शिकणार? इथं जानेवारीत उतराणीचे पतंग, बारा महिने क्रिकेट, आणि कोपऱ्यावर व्हिडिओ गेमचं दुकान. त्यांनी मान हलवली. ऐकू आलं नव्हतं की पटलं नव्हतं, हे त्यांच्या बाबतीत कधीच कळायचं नाही.

बरीच वर्षं ती बंदूक माळ्यावर पडून होती, कारण जागा नव्हती. जागा दिली ती चौऱ्याण्णवच्या प्लेगनं. त्या साली आमची अर्धी वस्ती मिळेल त्या गाडीनं गावाला पळाली. परत आलो तेव्हा महानगरपालिकेला साफसफाईचा असा झटका आला होता की आमच्या ओळीमागचा कचऱ्याचा डोंगर, जो मी आल्यापासून पाहत होतो, एका आठवड्यात उचलला गेला. खाली चक्क जमीन निघाली. लोक तिथं खाटा टाकायच्या, म्हशी बांधायच्या विचारात होते. जिभाऊंनी त्याआधीच टोकाच्या भिंतीला सुताच्या गुंत्यांनी गच्च भरलेली दोन पोती टेकवली, समोर दोन बांबू रोवले, मध्ये आडवी काठी बांधली आणि तिला दोऱ्यानं लिंबू टांगलं. बायकांना वाटलं दृष्ट काढायला टांगलंय. पुढच्या रविवारी चौदा पोरं जमली.

तिसऱ्या रविवारी दोन उरली. यात पोरांचा दोष नव्हता आणि ते मी जिभाऊंना तेव्हाच सांगितलं. मागावर नवा शिकाऊ आला की त्याला महिनोन् महिने मागाला हात लावू देत नाहीत. आधी बॉबीन भरायची, मग तुटलेली तार जोडायची, गाठ अशी की कापडात दिसता कामा नये, आणि हे सगळं हाताला आलं की मग माग. जिभाऊ स्वतः असेच शिकले होते, त्यामुळे जगात दुसऱ्या पद्धतीनं काही शिकवता येतं हे त्यांच्या गावीच नव्हतं. पोरांना त्यांनी रिकामी बंदूक दिली आणि सांगितलं, धरून उभं राहा. श्वास अर्धा सोडा आणि थांबा. नळीच्या टोकाला जो बारीक उंचवटा असतो ती माशी, तिच्याकडे बघा, लिंबाकडे नाही. छर्रा? छर्रा चार महिन्यांनी. एक पोरगा न राहवून म्हणाला, “चाचा, गोली कब चलेगी?” दुसरा म्हणाला, “आमां मजा नथी,” आणि गेला व्हिडिओ गेमच्या दुकानात. मी चहाच्या वेळी ओरडून म्हटलं, निदान पहिल्या दिवशी फुगे फोडू द्या! जिभाऊ इतके संतापले की कप खाली ठेवला. “हाई काय फुगा फोडानं दुकान शे का, मास्तर?”

उरलेल्या दोघांपैकी एक भास्करचा धाकटा मुलगा. त्याला जेवायला बोलवायला त्याची बहीण रत्ना यायची. बाराएक वर्षांची, माझ्याच वर्गातली, अभ्यासात मध्यम, बोलण्यात कमी. घरी आईबरोबर साड्यांवर टिकल्या लावायचं काम करायची. ज्यानं ते काम पाहिलं असेल त्याला माहीत आहे की टिकली जागेवर ठेवताना बोट जरा हललं तर डिंक फासला जातो आणि साडी परत येते. भावाला हाक मारायला आलेली ही मुलगी एका रविवारी तिथंच थांबली. जिभाऊंनी तिच्या हातात रिकामी बंदूक दिली. ती धरून उभी राहिली ती राहिलीच. नळी जागची हलेना. मी ओट्यावरून बघत होतो, आणि मला बंदुकीतलं काही कळत नसलं तरी जिभाऊंच्या चेहऱ्यातलं कळत होतं. त्या संध्याकाळी ते चहाला आले आणि एकाऐवजी दोन कप प्यायले.

पण खरा गुरू कोण आणि शिष्य कोण, हा प्रश्न मला पुढे पडला. चार-पाच रविवार मुकाट्यानं रिकामी बंदूक धरून झाल्यावर रत्ना त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, त्यांना ओठ नीट दिसतील अशी, आणि म्हणाली, “जिभाऊ, शेवटले एक तरी छर्रा द्याना. नही ते पोरं काबर येतीन?” मला वाटलं आता ओरडा बसतो. जिभाऊ आठवडाभर विचार करत राहिले. पुढच्या रविवारी त्यांनी नियम बदलला. तासभर रिकामा सराव, आणि ज्यानं तो नीट केला त्याला शेवटी एक छर्रा. एकच. त्या एका छर्ऱ्यासाठी पोरं तासभर दगडासारखी उभी राहायला लागली. रत्ना येते म्हणून तिच्या मैत्रिणी आल्या, मुली येतात म्हणून मुलगे आले, वर्षभरात पंचवीसेक पोरं झाली. बीटवरचा हवालदार एकदा चौकशीला आला, असल्या बंदुकीला परवाना लागत नाही हे त्याला माहीत होतं, तरी अर्धा तास बसून राहिला आणि जाताना म्हणाला, आमची पोरंसुद्धा एवढी शांत बसत नाहीत. जिभाऊंचा दुसरा नियम मात्र कधीच बदलला नाही. जिवंत वस्तूवर नेम धरायचा नाही. एका मुलानं साळुंकीच्या दिशेनं नळी फिरवली, नुसती फिरवली, छर्राही नव्हता आत, तर त्याला त्याच क्षणी घरी पाठवलं. त्याचा बाप भांडायला आला. जिभाऊंना ऐकूच येत नसल्यामुळे ते भांडण फार चाललं नाही.

तिसऱ्या वर्षीच्या दसऱ्याला सगळी वस्ती त्या जागेत जमली होती. वारा होता, लिंबू हेलकावे खात होतं. मोठ्या पोरांचे नेम चुकले, जिभाऊंच्या कारखान्यातल्या दोघा-तिघांनी हौसेनं बंदूक धरली, त्यांचेही चुकले. मग रत्ना आली. तिनं बंदूक खांद्याला लावली आणि थांबली. लोक कुजबुजायला लागले, कुणीतरी हसलं, भास्कर तर मान खाली घालून बसला. ती थांबलीच. वारा पडला, लिंबू दोऱ्यावर जागच्या जागी आलं, आणि टक् असा बारीक आवाज झाला. लिंबाचा रस उडाला तो मला वीस पावलांवरून दिसला. जिभाऊंना आवाज ऐकू गेला नव्हता, पण ते लहान पोरासारखे हात वर करून नाचत होते, “लागनं! लागनं!” त्या वर्षी बमरोलीतली पहिली पुरणपोळी भास्करच्या घरी गेली, आणि ती वहिनींनी स्वतः नेऊन दिली. एवढा आनंदी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

आता जे लांबवत होतो ते सांगतो. शहरात नेमबाजीचा एक क्लब आहे. जिभाऊ तिथं जाऊन आले, कुणाकडून तरी चिठ्ठी घेऊन. तिथल्या एका वयस्क गृहस्थांनी रत्नाला घेऊन या म्हणून सांगितलं, तिचा नेम पाहिला आणि हिवाळ्यातल्या स्पर्धेसाठी तयारी करा म्हणाले. बंदूकही ते देणार होते. जिभाऊंनी पाळ्या बदलून घेतल्या, रविवारखेरीज बुधवारीही रत्नाला शिकवायला लागले. आणि मी? मी हिशेब केला की हिवाळ्यात स्पर्धा, मार्चमध्ये दहावीची परीक्षा. माझ्या शाळेतून त्या वस्तीतल्या मोजक्या मुली दहावीपर्यंत पोचायच्या. मला वाटलं, ही पोर लिंबं फोडत बसली तर टिकल्याच लावत राहील. माझा हेतू वाईट नव्हता. हे वाक्य गेल्या सहा आठवड्यांत मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता त्याचा वीट आला आहे. एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर भास्कर भेटला. रस्त्याच्या पलीकडे जिभाऊ पोत्यांच्या फाटक्या बाजूला टाके घालत होते. त्यांना ऐकू येत नाही हे माहीत असूनही मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, “भास्कर, दहावीचं वर्ष आहे. पोरीची बंदूक बंद कर. अभ्यास बुडतोय तिचा.” गुरुजींचा शब्द. भास्करनं मान डोलावली. पुढच्या बुधवारी रत्ना आली नाही, रविवारीही आली नाही.

ती थांबली म्हणून इतर मुलींच्या आयांनी आपल्या मुली थांबवल्या. मुली नाहीत म्हटल्यावर हळूहळू मुलगेही गळले. क्लबातली स्पर्धा झाली आणि गेली. आणि एवढं सगळं करून रत्नाला दहावीत जे मार्क पडले ते, काय सांगू, बेताचेच. जिभाऊ मात्र दर रविवारी जागा झाडत, लिंबू टांगत आणि खोक्यावर बसून राहत. दुपारपर्यंत कुणी आलं नाही की स्वतः एक छर्रा मारत, लिंबू सोडवून घरी नेत आणि वहिनी त्याचं सरबत करत. संध्याकाळी ते माझ्याकडे चहाला येत. पोरं का येत नाहीत यावर आम्ही चर्चासुद्धा करायचो! केबल टीव्ही आला म्हणून, मी ओरडून सांगायचो. जिभाऊ मान हलवायचे.

ते गेल्यावर पंधराएक दिवसांनी वहिनींनी मला बोलावून घेतलं. खोलीत बंदूक भिंतीला टेकवून ठेवली होती, तेल दिलेली, नळीच्या तोंडाला स्वच्छ चिंधी खोचलेली. गावाकडून जिभाऊंचा पुतण्या आला होता. मक्यावर पाखरं फार बसतात, मारायला उपयोगी पडेल म्हणून तो बंदूक मागत होता. वहिनी म्हणाल्या, तुम्ही सांगा काय करू. कोपऱ्यात रत्ना बसली होती. ती रोज दुपारी वहिनींच्या सोबतीला येते हे मला ठाऊक नव्हतं. आता अठरा वर्षांची झाली आहे, सकाळी कॉलेज, दुपारनंतर टिकल्या. पाखरं मारायला, हे ऐकल्यावर मी तिथंच सगळं बोलून मोकळा झालो. वर्ग मी मोडला, म्हणालो. भास्करला मी सांगितलं. जिभाऊ मरेपर्यंत वाट बघत राहिले आणि त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही...

“कळलं होतं,” रत्ना म्हणाली. “त्याच दिवशी.”

मला समजेना. मग वहिनी हळूच म्हणाल्या, “मागवरना मानसं व्हट वाचतस, गुरुजी.”

तीस वर्षं मी या लोकांमध्ये राहिलो आहे. कारखान्याच्या खडखडाटात या टोकाचा कारीगर त्या टोकाच्या कारिगराशी नुसते ओठ हलवून बोलतो, घरच्या भानगडीसुद्धा सांगतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे, पाहुण्यांना कौतुकानं दाखवलं आहे. आणि तरी मी त्या दिवशी रस्त्याच्या अलीकडे तोंड न झाकता आवाज तेवढा खाली आणला. मागाजवळ न वाढलेला माणूसच असं करू शकतो. जिभाऊंनी हातातली सुई पोत्यात खोचली होती, रत्ना सांगत होती, आणि तसेच तिच्या घरी आले होते. भास्कर पोचायच्या आधी. तिला म्हणाले, “मास्तर सांगतस ते ऐक. आधी दहावी कर, मंग ये.” दोन दिवसांनी तिला त्यांनी गणिताचं एक पुस्तक आणून दिलं. मला आठवलं. त्याच आठवड्यात ओट्यावर चहा पिताना त्यांनी विचारलं होतं, “मास्तर, दहावीले कोनतं पुस्तक चांगलं शे?” मला गंमत वाटली होती, जिभाऊंना या वयात दहावी कशाला हवी म्हणून मी चेष्टाही केली होती. नाव मात्र मीच सांगितलं होतं. त्यानंतर दोन वर्षं तो माणूस माझ्या शेजारी बसून चहा प्यायला, माझी केबल टीव्हीची व्याख्यानं ऐकली, आणि एका शब्दानं मला शरमवलं नाही. माझ्यावर रागावला असता तर मला आज बरं वाटलं असतं.

“मग परीक्षेनंतर तू गेली का नाहीस?” मी विचारलं. रत्ना म्हणाली की गेली होती. कोपऱ्यापर्यंत गेली. बघितलं तर जिभाऊ एकटेच खोक्यावर बसलेले, समोर लिंबू, आसपास चिटपाखरू नाही. एवढ्या पोरी माझ्यामागे आल्या आणि माझ्यामागे गेल्या, म्हणाली, कोणत्या तोंडानं समोर जाऊ? तिथूनच मागे फिरली. मी दोन वर्षं जे ओझं घेऊन फिरायला हवं होतं ते त्या पोरीनं वाहिलं. पुतण्या मात्र मोकळ्या स्वभावाचा, त्यानं घड्याळ बघितलं आणि विचारलं, मग बंदूक बांधू ना? दुपारची गाडी होती त्याची.

रत्ना उठली आणि तिनं बंदूक उचलून आपल्या मांडीवर घेतली. वहिनींना म्हणाली, दसऱ्याला लिंबू मी टांगते, त्यानंतर दर रविवारी मी शिकवते. मग माझ्याकडे वळली. वर्गात कधी मान वर करून न बोललेली मुलगी. “पण पोरं मी गोळा करणार नाही, गुरुजी. माझ्या घरी तुम्ही गेला होता ना, तसं आता प्रत्येकाच्या घरी तुम्हीच जायचं.” मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

पुतण्या रिकाम्या हातानं गेला. दसऱ्याला अजून दहा दिवस आहेत. गेले चार दिवस शाळा सुटली की मी ओळीओळीनं फिरतो आहे. माझं नाव या वस्तीत मार्कांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे लोक आधी वही-पुस्तकांची तक्रार आली असं समजून मुलांना मागच्या खोलीत दडवतात. मग बंदुकीचं ऐकून गोंधळतात. कुणी हसून चहा विचारतं, कुणी बघू म्हणतं. आतापर्यंत तीन पोरं कबूल झाली आहेत, त्यातला एक भास्करचा धाकटा. काल संध्याकाळी परभणीकडून आलेल्या एका कारिगराच्या दारात उभा होतो. त्याची मुलगी सातवीत आहे, माझ्याच वर्गात, गणितात हुशार, पहिल्या पाचांत येईल अशी. त्यानं माझं सगळं बोलणं अदबीनं ऐकून घेतलं, मुलीकडे बघितलं, आणि म्हणाला, “गुरुजी, तुम्ही म्हणताव ते खरं. पर लेकराचा अभ्यास बुडंल की.”

मुलगी दाराच्या चौकटीला धरून माझ्याकडे बघत होती.

“बुडेल,” मी म्हणालो. “थोडासा बुडेल. तरी पाठवा.”